हँडलखालच्या वहाणा

"ह्ये काय हाय?" हैबती मिस्त्रींनी विचारलं.

"हँडल," मी म्हणालो.

"आन् त्येच्या खाली?"

"फरशी."

"झालं! मारलास मानूस!" मिस्त्रींनी कपाळावर हात मारून घेतला. "फरशी कुठली रं? वहाणा हायत त्या. मोज."

मी वाकून मोजल्या. चार होत्या.

"चार वहाणा म्हंजी दोन मानसं खांबावर हायत. जवर त्या हितं हायत, तवर परत्यक्ष खंडोबा घोड्यावरनं उतरून आला तरी हँडलला हात लावायचा न्हाई. काय?"

"नाही लावायचा."

"आन् तू फरशी बघाय लागलास की मानूस मेला."

वीजखात्यातल्या नोकरीचा तो माझा पहिला दिवस. साल एकोणीसशे बासष्ट. बोरजाईवाडीच्या बाहेर, ओढ्याच्या अलीकडे, दगडी भिंतींची आणि पत्र्याच्या छपराची एक खोली होती. गाव तिला वीजघर म्हणायचं. आत भिंतीवर एक लोखंडी पेटी आणि पेटीला हातभर लांबीचं हँडल. तालुक्याकडून येणारी तार पेटीपर्यंत जिवंत असायची. हँडल वर केलं की अकरा हजारांचा दाब पुढच्या नव्या तारांत शिरणार, खाली केलं की पुढचं सगळं मेलेलं. ते हँडल सांभाळायचं, एवढंच माझं काम. मी बावीस वर्षांचा, मॅट्रिक झालेलो, वाईहून आलेलो. एक दांडा वर-खाली करायला मॅट्रिक कशाला लागतं, असं मला मनातून वाटत होतं आणि तोंडावर ते दिसतही असावं.

मिस्त्री पन्नाशीचे होते. अंगाने काटक, बोलायला तिखट. आडनाव मदने, पण ते पगाराच्या दिवशीच ऐकू यायचं. पूर्वी ते घाटातल्या एका खासगी कंपनीत तारा ओढायला होते. तिथे कुणीतरी कुणाला तोंडी सांगितलं, 'उतरला गडी', आणि हँडल वर गेलं. गडी उतरलाच नव्हता. तो मिस्त्रींचा मेव्हणा होता. तेव्हापासून त्यांनी ही पद्धत काढली. खांबावर सगळे अनवाणीच चढत, म्हणून चढणाऱ्याने आपल्या वहाणा आधी हँडलखाली आणून ठेवायच्या आणि मगच खांबाकडे जायचं.

"त्यापेक्षा वहीत लिहून ठेवावं," मी माझं मॅट्रिक पाजळलं.

"वहीत खोटं लिवता येतं. मानूस अनवाणी घरी जात न्हाई."

आणखी दोन नियम होते. ज्याच्या वहाणा त्यानेच उचलायच्या, दुसऱ्याने हात लावायचा नाही. आणि ठेवताना तोंड भिंतीकडे करायचं. आपल्याकडे वहाणा काढताना कशाही काढतात, फार तर बाहेर पडताना सोयीच्या म्हणून दाराकडे तोंड करून ठेवतात. मिस्त्रींचं उलटं होतं. भिंतीकडे तोंड म्हणजे माणूस अजून गेलेलाच आहे. आला की तो स्वतः वळवील आणि पायात घालील.

मिस्त्रींच्या स्वतःच्या वहाणा ट्रकच्या टायरच्या तळाच्या होत्या. डाव्या वहाणेचा अंगठा तुटल्यावर त्यांच्या बायकोने, सारजाबाईंनी, तांबड्या चामड्याचा तुकडा लावून तो शिवला होता. अंधारातसुद्धा ओळखल्या असत्या मी त्या.

महिना-दोन महिन्यांत मी तयार झालो. तारेला हात लावून पाहायचाच असेल तर पालथा लावायचा, सरळ लावला तर बोटं मिटतात आणि तार माणसाला सोडत नाही, हेही शिकलो. रोज सकाळी आत शिरलो की आधी खाली बघायचो. मिस्त्री कधी मुद्दाम एकच वहाण ठेवून जायचे आणि दाराआडून बघायचे, मी काय करतो ते.

"एक दिसतीया. म्हंजी अर्धाच मानूस वर हाय व्हय?" असं म्हणून खो-खो हसायचे.

पुढल्या वर्षीच्या माघात, एका सोमवारी, गावात दिवे लागायचे होते. मुहूर्त अकरा चाळीसचा. वीजघरासमोरच्या माळावर मांडव घातला होता आणि मांडवाच्या मधोमध, ट्रान्सफॉर्मरवरून दाब उतरवून आणलेल्या तारेला, शंभराचा एकच बल्ब टांगला होता. जिल्ह्याचे मोठे पाहुणे येणार, स्वतःच्या हातांनी हँडल वर करणार, मांडवात बल्ब लागणार. "भर दुपारी दिवा लावून काय दिसनार?" असं एका म्हातारीने विचारलं. सरपंचांनी तिला गप्प बसवलं, पण ती बरोबरच विचारत होती.

नऊला मिस्त्री तारांखालून चक्कर मारून आले, ते कपाळाला आठ्या घालून.

"साहेब, नवव्या खांबावरचा कप फुटलाय," ते टिपणीससाहेबांना म्हणाले. टिपणीस आमचे इंजिनिअर. माणूस वाईट नव्हता, पण त्या दिवशी त्यांचा जीव टांगणीला लागला होता. "शाळू राखनाऱ्या कुनाच्या तरी गोफनीचा धोंडा बसलाय. निम्मा कप खाली पडलाय."

तार ज्याच्यावर बसते तो चिनीमातीचा कप. तो फुटला की तार खांबाच्या लोखंडी पट्टीला टेकायला वेळ लागत नाही.

"आजचा दिवस चालणार नाही का?"

"चालंल की. संध्याकाळी तार पट्टीला लागंल, आन् खांबाला अंग घासनारी म्हस मरंल. म्हस न्हाईतर मानूस."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "किती वेळ लागेल?"

"दोन तास. आलो की वहाणा पायात घालतो, मग तुमचा मुहूर्त."

"सव्वा अकराच्या आत या. मी बघूनच हँडल वर करायला सांगेन." साहेबांनाही पद्धत ठाऊक होती. त्यांनी ती मानली होती, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

मिस्त्री आत आले. वहाणा काढल्या. हँडलच्या बरोबर खाली, भिंतीकडे तोंड करून, एकीला एक लावून ठेवल्या. चढणारे ते एकटेच होते. त्यांचा मदतनीस बजाबा खाली दोर धरायला उभा राहणार होता, त्यामुळे त्याच्या वहाणा त्याच्याच पायात राहिल्या.

"आनंता, बघितलंस?"

"बघितलं."

"काय बघितलंस?"

"दोन वहाणा."

"शाब्बास. फरशी म्हनाला न्हाईस." त्यांनी उजव्या हाताने माझ्या टाळक्यात टपली मारली आणि बजाबाला हाक मारत निघून गेले. तारेवर टाकून ती जमिनीला जोडायची, चुकून आलेला दाब जमिनीत घालवणारी साखळी अख्ख्या तालुक्यात एकच होती आणि ती दुसऱ्या गावी गेली होती. म्हणजे नवव्या खांबावर मिस्त्रींच्या पाठीशी होत्या त्या फक्त दोन वहाणा, आणि मी. नववा खांब ओढ्याच्या वळणावर, चिंचांच्या आड होता. वीजघरातून तो दिसत नव्हता.

साडेदहाला काणेगुरुजी आले. सोवळं नेसलेले, हातात पळी-पंचपात्री. पेटीला हळदकुंकू, हँडलला हार, खाली चौरंग, चौरंगावर कलश अशी पूजा ठरली होती. गुरुजींनी चौरंग मांडायला म्हणून खाली पाहिलं आणि दोन पावलं मागे सरले.

"हे काय? चामडं?"

"गुरुजी, त्या वहाणा हलवायच्या नसतात. माणूस खांबावर आहे."

"अहो, पण कलश कुठे ठेवू? वहाणांवर?"

"जरा बाजूला मांडा चौरंग."

"बाजूला कुठे? पूजा कुणाची करायची आहे, यंत्राची का मिस्त्रीच्या वहाणांची?"

दारात गर्दी जमली होती. ती हसली. माझे कान तापले. खरं सांगायचं तर मला गुरुजींचा राग आला नाही. त्यांचं काही चुकत नव्हतं. देवापुढे वहाणा ठेवलेल्या माझ्या आईने पाहिल्या असत्या तर तिनेही मला झोडपलं असतं. लहानपणापासून अंगात भिनलेलं होतं ते, मिस्त्रींचा नियम तर जेमतेम वर्षभराचा. मी मनाशी म्हणालो, मुहूर्ताला तासभर आहे. पूजा होईपर्यंतच बाजूला ठेवू. मी इथेच उभा आहे. मी असताना हँडलला हात कोण लावणार?

मी वाकलो आणि वहाणा उचलल्या. जड होत्या. दाराबाहेर उजव्या अंगाला भिंतीशी ठेवल्या. तिथेही तोंड भिंतीकडेच केलं. तेवढ्याने आपण नियम पाळला असं मला वाटलं, याची आज मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

पूजा सुरू झाली. कलश झाला, फुलं झाली. मग गुरुजी म्हणाले, "विड्याची पानं मांडवात राहिली वाटतं. आणा बरं पटकन."

मांडव पन्नास पावलांवर होता. मी पळत गेलो. पानं घेतली, वळलो, तर सरपंचांनी दंड धरला.

"ह्यो बल्ब हलतोय बघा. पावन्यांपुढं लागला न्हाई तर गावाची अब्रू जाईल."

"आलोच पाच मिनिटांत, पानं देऊन येतो."

"पानं ह्यो दिईल." त्यांनी माझ्या हातातली पानं दुसऱ्याच्या हातात दिली आणि मला टेबलाकडे ढकललं. टेबलावर स्टूल ठेवलं होतं. मी चढलो.

बल्ब खरंच सैल होता. होल्डरची एक पिन आत रुतली होती. मी ती खिशातल्या चाकूने उचलत होतो, तेवढ्यात हलगी कडाडली. वरून सगळं दिसत होतं. जीप येऊन थांबली. पाहुणे उतरले, हार पडले. टिपणीससाहेब पुढे होऊन त्यांना वीजघराकडे घेऊन गेले. दाराशी सगळ्यांनी पायातलं काढलं. बूट, चपला, जोडे, वहाणा. पाहुण्यांबरोबर तीस-चाळीस माणसं होती. मी घड्याळ पाहिलं. अकराला पाच कमी होते. अजून पुष्कळ वेळ आहे, असं मनाशी म्हणत मी पिन उचलत राहिलो.

आत काय झालं ते मला नंतर कळलं. पाहुण्यांना पुढच्या गावी शाळेची कोनशिला बसवायची होती. त्यांनी विचारलं, आत्ताच उरकलं तर चालेल का. गुरुजी म्हणाले, आत्ताची वेळही वाईट नाही. टिपणीस म्हणाले, एक मिनिट. ते वाकले. त्यांनी चौरंग सरकवून हँडलच्या खाली बघितलं. तिथे वहाणा नव्हत्या. त्यांनी आणखी एकदा बघितलं. मग ते म्हणाले, "मदने आलेला दिसतो. या साहेब."

मी पिन उचलली. बल्ब होल्डरात घातला आणि फिरवला. आणि तो माझ्या हातात लागला.

मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. बायका हसत होत्या, ती म्हातारी हात जोडून बल्बकडे बघत होती. माझ्या तळव्याला बल्बची ऊब लागत होती. दोन वहाणा दाराबाहेर आहेत, एवढं एकच माझ्या डोक्यात आलं.

मी स्टुलावरून उडी मारली. माणसं ढकलत धावलो. वीजघराच्या दाराशी पायताणांचा ढीग पडला होता, तो तुडवत आत शिरलो. हँडल वर होतं, त्याच्यावरचा हार हलत होता. पाहुणे फोटोसाठी उभे होते. मी दोन्ही हातांनी हँडल खाली ओढलं.

"अरे! काय करतोस?" टिपणीस ओरडले.

"मिस्त्री वर आहेत."

"वर? वहाणा कुठायत त्याच्या? मी स्वतः पाहिलं. दोनदा पाहिलं."

उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. एक वाक्य होतं, तीन शब्दांचं. तेवढ्यात ओढ्याच्या बाजूने बजाबाची हाक आली. शब्द नव्हते तिच्यात. आम्ही सगळे धावलो, आणि ते वाक्य माझ्या तोंडात राहिलं ते राहिलंच.

मिस्त्री कमरेच्या दोराला डोकं खाली करून लोंबकळत होते. बजाबा खांबाला मिठी मारून निम्म्यावर चढला होता आणि घसरत होता. "नवा कप बसिवला व्हता वो," तो म्हणत होता, "तार बांधत व्हते वो." चौघांनी मिळून त्यांना उतरवलं. उजवा हात खांद्यापर्यंत काळा पडला होता. पण छाती हलत होती. पाहुण्यांनी आपली जीप दिली.

मिस्त्रींना दवाखान्यात पोचवून मी परत आलो तेव्हा चार वाजून गेले होते. मांडव रिकामा होता. माणसं आपापली पायताणं घालून घरोघर गेली होती. वीजघराच्या दाराशी फक्त एक जोड राहिला होता. एक वहाण उपडी पडली होती, दुसरी कुणाच्या तरी पायाने ढकलली जाऊन उंबऱ्याला टेकली होती. तांबड्या चामड्याचा तुकडा उन्हात चमकत होता.

मी त्या उचलल्या. आत जाऊन हँडलखाली ठेवाव्यात, असं मनात आलं. ठेवल्या तर टिपणीस खोटे ठरले असते. नाही ठेवल्या तर मिस्त्री. खरं बोललो तर मी अडकलो असतो. मी त्या हातात धरून उभा होतो, तेव्हा पंचनाम्याला आलेला जमादार मागून म्हणाला, "कुनाच्या ह्या?"

"मदने मिस्त्रींच्या."

"कुठं व्हत्या?"

"बाहेर होत्या," मी म्हणालो.

त्याने तसं लिहून घेतलं. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. गुरुजींना किंवा दारातल्या गर्दीला कुणी विचारलं नाही, आणि आपणहून कुणी बोललं नाही. अहवालात आलं की लाइनमन मदने याने ठरलेली खूण न ठेवता खांबावर चढून निष्काळजीपणा केला.

आठव्या दिवशी मी साताऱ्याच्या इस्पितळात गेलो. हात खांद्यापासून काढला होता. सारजाबाई पायथ्याशी बसून होत्या. मिस्त्री माझ्याकडे बघून हसले, आणि ते हसू बघून मला वाटलं, आता सांगावं.

"आनंता, मला त्या दिशीचं कायबी आठवत न्हाई बघ," ते म्हणाले. "सकाळी भाकरी खाल्ली. मग डोळं उघाडलं ते हितं. साहेब म्हनले, मी वहाणा ठेवल्याच न्हाईत. खरं का रं?"

मी सारजाबाईंकडे बघितलं.

"तू तर तितं असनार. मी ठेवल्या न्हवत्या?"

"पंचनाम्यात तसं आहे, मिस्त्री," मी म्हणालो.

त्यांनी मान भिंतीकडे वळवली. मग म्हणाले, "एक डाव इसरलो. आयुष्यात एक डाव." सारजाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मी तिथून अक्षरशः पळून आलो.

पुढची अकरा वर्षं मी इकडे-तिकडे बदल्या घेत काढली. लग्न झालं, मुलं झाली, बढती मिळाली. सगळं नीट चाललं होतं, फक्त कुठल्याही घरात शिरताना दाराशी पायताणं पडलेली दिसली की माझे पाय आपोआप थांबायचे. बायको हसायची, मोजताय काय, म्हणून. मी खरंच मोजत असायचो.

मग नवे लाइनमन तयार करणाऱ्या प्रशिक्षण केंद्रात मला शिकवायला नेमलं. पहिल्या दिवशी वर्गात गेलो तर फळ्यापाशी हैबती मिस्त्री उभे. खात्याने त्यांना तिथे शिपाई म्हणून ठेवून घेतलं होतं. केस पांढरे झालेले, सदऱ्याची उजवी बाही खांद्याशी टाचणीने अडकवलेली. दर नव्या तुकडीला पहिला धडा तेच देत.

"ह्ये बघा," ते समोरच्या चाळीस जणांना रिकामी बाही दाखवून सांगत होते. "वहाणा ठेवायची पद्धत म्याच काढली. पंधरा वर्सं ती लोकांस्नी शिकिवली. आन् एक दिस म्याच इसरलो. तवा म्हनतो, सवताच्या शानपनावर जाऊ नका. मी गेलो."

मुलं माना डोलावत होती. मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. अकरा वर्षं हा माणूस दर तुकडीपुढे माझा गुन्हा स्वतःच्या नावावर सांगत होता, आणि वर त्याची लाज बाळगत होता.

वर्ग सुटल्यावर बाहेर लिंबाखाली त्यांना गाठलं. "मिस्त्री, तुम्ही विसरला नव्हता," मी म्हणालो, आणि सगळं सांगून टाकलं. गुरुजी, चौरंग, विड्याची पानं, बल्ब, जमादार. काही वगळलं नाही. सांगताना मी त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हतो, पायांकडे बघत होतो.

मला वाटलं, आता डावा हात उचलून थोबाडात देतील. द्यावी असं मला मनापासून वाटत होतं.

"तू उचलल्यास, तवा तोंड कुनीकडं व्हतं?"

"कशाचं?"

"वहाणांचं, रं."

"भिंतीकडे."

"दोनीचं?"

"दोन्हींचं. एकीला एक लावून."

त्यांनी डोळे मिटून घेतले. "म्हंजी म्याच ठेवल्या व्हत्या," ते स्वतःशीच म्हणाले. "न्हवतो इसरलो." आणि पन्नास खांबांची लाइन डोक्यात बाळगणारा तो माणूस लिंबाच्या बुंध्याला हात लावून रडायला लागला. मी पुढे झालो तर त्यांनी मला हाताने दूर सारलं. सदऱ्याने तोंड पुसलं.

"मिस्त्री, मला माफ..."

"त्ये र्‍हाऊ दे. म्होरल्या तुकडीला मी सांगनार न्हाई. तू सांग."

एवढंच बोलून ते गेले. दोन महिन्यांनी नवी तुकडी आली. चाळीस जण बसले. मिस्त्री दारातून आले, सगळ्यांच्या मागे जाऊन शेवटच्या बाकावर बसले. मी घसा साफ केला आणि सांगायला लागलो. वीजघर सांगितलं, हँडल सांगितलं, पद्धत सांगितली. फुटलेला कप, मुहूर्त, गुरुजी, सगळं ओळीने सांगत गेलो. माझी मोठी मुलगी त्या सालात शाळेत जायला लागली होती, वर्गात बसलेल्यांत दोघं बोरजाईवाडीकडचे होते, दारात मुख्य साहेब येऊन उभे राहिले होते. हे सगळं मला एकाच वेळी दिसत होतं.

"आणि मग," मी म्हणालो, "त्या वहाणा कुणीतरी उचलून बाहेर ठेवल्या."

मुलं वहीत लिहून घेत होती.

"कुनी?" शेवटच्या बाकावरून आवाज आला.

"मी," मी म्हणालो.